विंडोज नव्याने टाकल्यावर मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर परवाना मानत नाही : तातडीने मदत हवी आहे

खिळेजुळारी (शनिवार, सकाळी १०.४०)
नमस्कार. नौपाड्यात माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. या आठवड्यात संगणकावर विंडोज नव्याने टाकून घेतले आणि आता आमचे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर 'या परवान्यावरील ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे' असा संदेश दाखवून बंद होते (ॲक्टिव्हेशन म्हणजे परवान्याचा क्रमांक टाकून संगणकाची कंपनीकडे नोंद करणे). परवाना रीतसर विकत घेतलेला आहे, पावती जपून ठेवलेली आहे आणि खोक्यावरचा क्रमांक मी तीन वेळा ताडून पाहिला आहे. कंपनीचे मदत केंद्र सोमवारी उघडेल, पण सोमवारी सकाळी नऊ वाजता एका गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल मला छापखान्यात द्यायचा आहे. संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये. तो मी स्वतःलाच चार वेळा देऊन झाला आहे.

घणसोलीकर (१०.५५)
आपण दिलेल्या माहितीवरून काहीच सांगता येणार नाही. आधी कोणते विंडोज होते आणि आता कोणते आहे? हार्ड डिस्क तीच आहे की बदलली? परवाना किती संगणकांचा आहे, आणि तो यूएसबीला लावायच्या डोंगलवर चालतो की नुसत्या क्रमांकावर?

पामबीच (११.०५)
यात घाबरण्यासारखे काही नाही. विंडोजचा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आपल्या यंत्राच्या नावे नोंदलेला असतो, त्यामुळे मदरबोर्ड बदललेला नसेल तर नवे विंडोज इंटरनेट मिळताच आपोआप ॲक्टिव्हेट होते. मदरबोर्ड बदललाच असेल, तर परवाना आधीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असावा लागतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्याखाली ॲक्टिव्हेशन पाहावे.

खिळेजुळारी (११.२०)
पामबीच, विंडोज व्यवस्थित चालू आहे. माझा प्रश्न विंडोजच्या परवान्याचा नाहीच.
घणसोलीकर, आधी विंडोज १० होते. त्याचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले, म्हणून ११ टाकले. डोंगल नाही, क्रमांकावर चालते. परवाना दोन ॲक्टिव्हेशनचा आहे आणि मी तो एकाच संगणकावर वापरत आलो आहे, मग मर्यादा संपतेच कशी?

मुक्तस्रोत (११.३५)
धागाकर्त्यांनी या निमित्ताने मुळावरच घाव घालावा, असे मी सुचवेन. परवाना घेतलेल्या फाँटच्या दावणीला स्वतःला किती काळ बांधून घ्यायचे? देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, १९९१ पासून आहे, फुकट आणि देखणे फाँट डझनावारी मिळतात आणि भारतीय लिप्यांचा प्रमाणित इन्स्क्रिप्ट कळफलक प्रत्येक विंडोजमध्ये असतोच. मी स्वतः एका सुट्टीत इन्स्क्रिप्ट शिकलो. स्क्रायबस या फुकट पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर अहवाल लावावा आणि मोकळे व्हावे.

तलावपाळी (११.५०)
मुक्तस्रोत, तत्त्व मान्य आहे, पण सोमवारी सकाळी नऊ वाजता तत्त्व छापून मिळत नाही. या मंडळींचा मागील पंधरा-वीस वर्षांचा मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे आणि तो फाँट नसेल तर त्याच फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत, हे मीही जाणतो. परंतु जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उलटे आहेत. एवढ्या एका कारणाने 'कार्यकारिणी' आणि 'निर्णय' यांचे काय होते, ते मी माझ्या छापखान्यात पाहिले आहे. त्यातून 'सुऱ्या' मधला अर्धा र सुटला तर प्रूफ तपासणाऱ्याने तो शोधत बसायचे. अहवालात जमाखर्चाची पानेही असणार. दोन दिवसांत हे करायला मी कोणालाच सांगणार नाही.

वाशी_सेक्टर१७ (दुपारी १२.१०)
एवढा ऊहापोह कशासाठी? याच सॉफ्टवेअरची परवाना न मागणारी आवृत्ती पेनड्राइव्हवर सहज मिळते. परवाना विकत घेतलेलाच आहे, तेव्हा यात चोरीही होत नाही.

तलावपाळी (१२.२०)
होते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७, याच्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यवसायासाठी वापरणाऱ्याला सवलतीची अपेक्षाही ठेवता येत नाही. शिवाय अशा पेनड्राइव्हवरून आणखी काय काय आत येईल, याची हमी कोण देणार? कृपया या धाग्यावर असले सल्ले देऊ नयेत.

कोपरखैरणे_कट्टा (१२.३०)
हार्ड डिस्कच्या प्रश्नाला धागाकर्त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही, हे कोणाच्याच लक्षात आलेले दिसत नाही.

खिळेजुळारी (१२.४५)
क्षमस्व. जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली आहे. हार्डवेअरचे काम करणारा मुलगा कळव्याहून आला होता, त्याने सगळे एकदमच करून दिले. हे सांगायला हवे होते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

कोपरखैरणे_कट्टा (१२.५५)
मग उत्तर मिळाले. परवान्याची नोंद त्या जुन्या डिस्कच्या नावे अडकली आहे. जुन्या डिस्कवरचे विंडोज १० जसेच्या तसे असेल. ती डिस्क पुन्हा लावावी, त्यावरून संगणक सुरू करावा, सॉफ्टवेअर उघडून परवाना परत करावा आणि मग नव्या विंडोजमध्ये घ्यावा. मी बेलापूरच्या कार्यालयात अशा पाच संगणकांचे परवाने सोडवले आहेत.

घणसोलीकर (दुपारी १.१०)
उपाय बरोबर आहे, पण वाटतो तितका सरळ नाही. जुने विंडोज लेगसी या संगणक सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीने टाकलेले असेल तर ते यूईएफआय या नव्या पद्धतीत सुरूच होणार नाही, आणि त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट ही सुरक्षा बंद करून सीएसएम ही जुन्या पद्धतीची सोय चालू केल्यावर नवे विंडोज परतताना बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की मागू शकते. ती ४८ अंकी की आधी उतरवून न घेता बायोसला हात लावणाऱ्याचे पुढे काय होते, ते मी पाहिले आहे. आणि मर्यादा दोनची असताना जुन्या डिस्कने एकच ॲक्टिव्हेशन अडवले असणार. दुसरे कुठे गेले?

कोपरखैरणे_कट्टा (१.२०)
पाचही वेळा मला बिटलॉकर आडवे आले नाही. आपण विनाकारण भीती घालत आहात.

घणसोलीकर (१.३०)
आपल्याला आडवे आले नाही म्हणून त्यांना येणार नाही, असे होत नाही. असो. खिळेजुळारी, एकच विचारतो : विंडोज ११ टाकल्यानंतर हे सॉफ्टवेअर एकदा तरी चालले होते का?

खिळेजुळारी (१.४०)
हो, गुरुवारी संध्याकाळी चालले होते. त्यावर मी एक लग्नपत्रिका पूर्ण करून दिली. शुक्रवारी दुपारपासून बंद आहे. पण आता चालत नाही, एवढाच मुद्दा असल्याने ते लिहिले नाही.

तलावपाळी (१.४५)
अहो, हेच तर सर्वांत आधी लिहायला हवे होते!

घणसोलीकर (१.५०)
गुरुवारी इंटरनेट कशावरून घेतले होते, आणि शुक्रवारी सकाळी त्यात काही बदल झाला का?

खिळेजुळारी (दुपारी २.०५)
नव्या विंडोजमध्ये केबलचे इंटरनेट चालत नव्हते, कारण लॅनचा, म्हणजे केबलच्या नेटवर्क कार्डाचा, ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्हता. म्हणून त्या मुलाने स्वतःचा वाय-फायचा यूएसबी ॲडाप्टर लावून सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेट केले. शुक्रवारी सकाळी त्याने लॅनचा ड्रायव्हर टाकला आणि आपला ॲडाप्टर घेऊन गेला.

घणसोलीकर (२.२०)
मला वाटते, आपले दुसरे ॲक्टिव्हेशन त्या मुलाच्या खिशात आहे. अशी बरीच सॉफ्टवेअरे डिस्कचा क्रमांक आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता यांवरून यंत्राची ओळख ठरवतात. गुरुवारी त्यांना त्याच्या ॲडाप्टरचा पत्ता मिळाला, शुक्रवारी आपल्या लॅन कार्डाचा. संगणक तोच असूनही सॉफ्टवेअरच्या लेखी हा तिसरा संगणक आहे. जुनी डिस्क राहू द्यावी. त्या मुलाला ॲडाप्टर घेऊन बोलवावे, तो लावून सॉफ्टवेअर उघडते का ते पाहावे, उघडले तर मेनूतून परवाना परत करावा, आणि ॲडाप्टर काढून केबलवर नव्याने ॲक्टिव्हेट करावे.

मुक्तस्रोत (२.३०)
यावरूनच माझा मूळ मुद्दा सिद्ध होतो.

खिळेजुळारी (रविवार, दुपारी १२.१५)
मुलगा आज सकाळी येऊन गेला. ॲडाप्टर लावूनही तोच संदेश आला, तेव्हा माझा धीर सुटला होता. मग त्यानेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन लॅन कार्ड तात्पुरते बंद केले आणि सॉफ्टवेअर गुरुवारसारखे निमूटपणे उघडले. 'मदत' या मेनूत अगदी तळाशी परवाना परत करण्याची सोय आहे, जी मी इतक्या वर्षांत कधी पाहिलीच नव्हती. परवाना परत केला, ॲडाप्टर काढला, लॅन चालू केले, क्रमांक टाकला आणि ॲक्टिव्हेशन झाले. खात्रीसाठी दोनदा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. घणसोलीकर, आपले मनःपूर्वक आभार.

कोपरखैरणे_कट्टा (१२.४०)
अभिनंदन. तरीही जुन्या डिस्कवर एक ॲक्टिव्हेशन अडकलेलेच आहे, तेही सवडीने सोडवून घ्यावे. डिस्क आहे ना जपून ठेवलेली?

खिळेजुळारी (दुपारी १.०५)
ती त्या मुलाने जुन्या मालात घेतली आणि बिलातून ३०० रुपये वजा केले.

तलावपाळी (१.१०)
त्यावर आपल्या ग्राहकांच्या सगळ्या फाइली असतील की हो. ॲक्टिव्हेशनचे नंतर पाहू, आधी डिस्क परत आणावी.

खिळेजुळारी (१.२०)
आताच त्याला फोन केला. डिस्क अजून त्याच्याकडेच आहे, त्याने ती पुसलेली नाही. अहवाल छापखान्यात टाकला की उद्या तसाच कळव्याला जातो.