मागच्या गल्लीतली तोडफोड : सोसायटी ग्रुप

देशमुख काका (ए-३०२): फोटो सगळ्यांनी बघितले असतीलच. रात्री पावणेदोनला मागच्या गल्लीत पाच गाड्यांच्या काचा फोडल्या, त्यात माझीही. हातात कोयते आणि वय सोळा-सतरा! निरीक्षणगृहात चार दिवस ठेवून काय होणार? मोठ्यांसारखं तुरुंगात घाला, मग बघू कोण कोयत्याला हात लावतो.

सागर (बी-१०४): अगदी बरोबर काका. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये भरधाव गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध. लोक चिडले तेव्हा कुठे आदेश बदलला. पोरांनी काय बोध घ्यायचा?

वैशाली (सी-५०१): काका, तुमचा राग मला समजतो. निबंधाचं ऐकून मीही संतापले होते. पण सहा वर्षं दर शनिवारी मी निरीक्षणगृहात मुलांशी बोलायला जाते, म्हणून लिहिते. कडक कायदा आलेला आहे. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन होता, त्यानंतर बाल न्याय कायदा बदलला. जानेवारी २०१६ पासून १६ ते १८ वयाच्या मुलाचा गुन्हा अतिगंभीर असेल, तर बाल न्याय मंडळ तपासणी करून खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. तिथल्या मुलांना मी हे विचारते. बहुतेकांना माहीतच नसतं.

देशमुख काका: मग माहीत करून द्या ना.

वैशाली: सांगतो आम्ही. मागच्या महिन्यात एक मुलगा शर्टाच्या बाहीचा दोरा ओढत बसला होता. म्हणाला, "ताई, शिक्षेचं डोक्यातच नव्हतं. पकडतील असंच वाटलं नाही. आणि दादा होता ना बरोबर." शिक्षा किती, हा हिशोब या वयात कुणी करत नाही. पकडले जाऊ, आजच जाऊ, याची मात्र भीती वाटते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी १९९० च्या दशकात मुलांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचा सपाटा लावला. पुढे अभ्यास झाले, तेव्हा अशी मुलं सुटल्यावर पुन्हा हिंसेकडे जास्त वळलेली दिसली. मोठ्या गुन्हेगारांच्या संगतीत आणखी काय होणार?

सागर: ताई, पण "तू अठराच्या आत आहेस, लगेच सुटशील" असं सांगूनच पोरांना पुढे करतात. म्हणजे सौम्य कायद्याचा फायदा घेतातच की.

वैशाली: घेतात, हे खरं आहे सागर, आणि मला सर्वात जास्त चीड त्याचीच येते. बाईक देणारा, बिर्याणी खायला घालणारा, "आपला माणूस" म्हणणारा तो दादा बावीस-पंचवीसचा असतो. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला याच बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. कडक शिक्षा हवी ती तिथे. आपण फिर्याद देतो ती फक्त पोरांवर. दादा मोकळा राहतो आणि पुढच्या महिन्यात दुसरी पोरं शोधतो.

सुलभा काकू (ए-१०१): त्यातला एक मुलगा आमच्या कामवाल्या मावशींच्या शेजारचा आहे म्हणे. दहावीनंतर शाळा सुटली, दोन वर्षं नुसता नाक्यावर उभा असायचा. विचारलं कुणी त्याला?

देशमुख काका: काकू, माझी काच कोण भरून देणार ते सांगा. वैशाली, तुझं सगळं मला पटलेलं नाही. ज्यांनी कोयता चालवला त्यांनाही सोडू नये. पण आत्ता गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज परत बघितलं. पोरं पळाली तेव्हा वळणावर बाईक सुरू ठेवून एक जण थांबला होता. दाढीवाला, चांगला मोठा. काल माझं लक्षच गेलं नाही.

सचिव: काका, तेवढा भाग पेनड्राइव्हवर घेतो. सकाळी साडेदहाला चौकीत जाऊ. वैशालीताई, तुम्ही याल का?

वैशाली: येते. कलम ८३ लावा असं अर्जातच लिहू.