मजकूर कॉपी करू न देणाऱ्या साइट्स: यानं नक्की अडतं कोण?

सांजवेळ:
एका रुग्णालयाच्या साइटवर आईच्या औषधांची माहिती मराठीत छान दिली आहे, कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर. तिला ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची होती. मोबाइलवर बोट दाबून धरलं तर शब्द निवडलेच जात नाहीत, संगणकावर राइट क्लिक बंद. शेवटी हातानं टाइप केलं. गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅमचे आकडे असे उतरवायला लावणं धोक्याचं आहे. ज्याला चोरायचंय तो ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे अशी कुलपं चालवणारा पानातला कोड, बंद करतो, नाहीतर स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समधून मजकूर उचलतो. अडतो तो साधा वाचक. ही कुलपं काढून टाका.

पानगळ:
अजिबात पटलं नाही. मी पाककृती लिहिते. चकलीच्या भाजणीचं माझं प्रमाण दर दिवाळीत माझं नाव कापून मलाच येतं, खाली ‘साभार: व्हॉट्सअ‍ॅप’. कुलूप लावल्यावर ते पूर्ण थांबलं नाही, पण कमी नक्की झालं. बहुतेक जण चोर नसतात, त्यांना घाई असते. कॉपी झालं नाही की मुकाट्यानं लिंक पाठवतात, आणि वाचक माझ्या पानावर येतो.

सांजवेळ:
कॉपी केलेल्या मजकुराखाली लेखकाचं नाव आणि लिंक आपोआप जोडता येते. तेवढं पुरेसं नाही का?

पानगळ:
करून पाहिलं. लोक आधी तीच ओळ पुसतात.

पायवाट:
मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर वाचतो. नुसती निवड बंद केली तर माझं वाचन सहसा अडत नाही. पण चोरीच्या धास्तीनं काही जण अख्खा लेखच चित्र करून टाकतात, तिथे माझा फोन फक्त ‘इमेज’ म्हणतो आणि गप्प बसतो. अक्षरांच्या जागी अक्षरांचं चित्र नको, हा निकष डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, २००८ पासून आहे. लेखकाच्या हक्काबद्दल मला आदर आहे, पण त्याची किंमत मी का मोजायची?

तळटीप:
जुन्या सरकारी परिपत्रकांचंही बोला. तिथे कॉपी होतं, पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा येतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. जनतेसाठी काढलेला आदेश जनतेला शोधता येऊ नये, याचा मला मनापासून राग येतो. आणि पानगळ, कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापर आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा देतं. तुमचं कुलूप तीही अडवतं.

पानगळ:
औषधं आणि सरकारी आदेश खुलेच हवेत, त्यात वाद नाही. पायवाट, माझ्या पाककृती अक्षरांतच आहेत आणि तशाच राहतील. वाण्याकडे पाठवायला सोपं जावं म्हणून साहित्याची यादीही उघडी करते. कृती मात्र माझी आहे.

सांजवेळ:
मग निदान छापायचं बटण द्या. ओट्याजवळ लावायला मोठ्या अक्षरांतला कागद लागतो.

पानगळ:
देते, पण प्रत्येक पानावर माझं नाव येईल. कृतीवरचं कुलूप मी काढणार नाही.