सातेरीसाठी टॉप बार पेटी कुणी वापरतंय का? सल्ला हवा

लांजेकर:
नमस्कार मंडळी. आमची लांज्याजवळ काजू-आंब्याची बाग आहे, मागच्या पडवीत भिंतीच्या पोकळीत सातेरीचं (आपल्या देशी मधमाशीचं) मोहोळ दरवर्षी बसतं. मला धंदा करायचा नाहीये, घरापुरता मध मिळाला तर ठीक नाहीतर तोही नको, पण माश्या बागेत टिकाव्यात असं वाटतं. यूट्यूबवर ती आडवी टॉप बार पेटी बघितली, वर नुसत्या लाकडी पट्ट्या, फ्रेम म्हणजे चौकट नाही, तयार मेणपत्रा (पोळ्याच्या आधाराला लावतात तो मेणाचा पातळ पत्रा) नाही, माश्या आपापल्या मनाने पोळी बांधतात, ते फार आवडलं. गावच्या सुताराला नकाशा दाखवला तर म्हणतो चार दिवसांत करून देतो. करू का? की सरळ नेहमीची फ्रेमवाली पेटी घेऊ?

घाटमाथा:
करा, पण तो नकाशा आधी फाडा. यूट्यूबवरचे जवळजवळ सगळे नकाशे मेलिफेराचे, म्हणजे मोठ्या परदेशी मधमाशीचे असतात, पट्टी 35 मिमी रुंद आणि दीड फूट लांब. आपली सातेरी लहान, तिला पट्टी 30 मिमी लागते. सुतार म्हणेल सव्वा इंच धरू, काय फरक पडतो. पडतो! सव्वा इंच म्हणजे जवळजवळ 32 मिमी, एका पट्टीला कळत नाही पण वीस पट्ट्या झाल्या की साडेतीन सेंटीमीटर सरकलं, म्हणजे एक अख्खी पट्टी. मग माश्या पट्टी सोडून दोन पट्ट्यांवर तिरकं पोळं बांधतात आणि तुम्हाला एकही पट्टी धड उचलता येत नाही. त्या पेटीचा सगळा फायदाच संपला ना मग.
लांबी एक फूट पुरे, खोली आठ इंचांच्या आसपास, बाजूच्या फळ्या खाली निमुळत्या. आणि आत सरकणारी एक आडफळी हवीच, वसाहत लहान असेल तेव्हा जागा कमी करता येते. मोकळी जागा जास्त राहिली की मेणपतंग (त्याच्या अळ्या पोळी खातात) आलाच समजा.

मधुरा_सत्तरी:
घाटमाथादादा बरोबर बोलतायत. माझ्याकडून भर एवढीच की पट्टीच्या खालच्या बाजूला मधोमध धार काढून घ्या, म्हणजे त्रिकोणी कंगोरा, आणि त्यावर मेण घासा, शक्यतो सातेरीच्याच जुन्या पोळ्याचं. माश्या बरोबर तीच रेघ पकडतात. लाकूड फणसाचं शिवणीचं काहीही चालेल, फक्त ताज्या प्लायवूडचा वास असलेलं नको, आणि रंग फक्त बाहेरून.

सांगलीकर काका:
मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. नवख्या माणसाने आधी फ्रेमवाली पेटी घ्यावी. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जाऊन माशी हाताळायला शिका. टॉप बारचं पोळं फक्त वरून धरलेलं, बाकी तिन्ही बाजूंनी मोकळं लटकतं, उचलून आडवं केलं की मऊ मेण तुटून खाली, पिल्लं मध सगळं एकत्र. फ्रेमला ते भय कमी.

घाटमाथा:
काका शिकायला जावं हे मान्य, पण आडवं करायचंच कशाला? पट्टी दोन्ही टोकांना धरून उभीच ठेवायची, दुसरी बाजू बघायची तर स्टिअरिंगसारखी फिरवायची. आणि उन्हाच्या तडाख्यात उघडायचंच नाही, सकाळी उघडा. पोळं भिंतीला चिकटलं असेल तर लांब सुरी खालून वर न्यायची, वरून खाली दाबलं की पट्टीपासूनच निघतं. सातेरी राळ गोळा करत नाही, त्यामुळे पट्ट्या चिकटून बसत नाहीत, हे सुख मेलिफेरावाल्यांना नाही.

लांजेकर:
वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. भिंतीतलं मोहोळ पेटीत कसं घेऊ? आणि पावसाळ्यात साखर द्यायची का?

मधुरा_सत्तरी:
पिल्लांची पोळी अलगद कापून केळीच्या सोपटाची झोळी करून पट्टीला टांगायची, दोन-तीन दिवसांत माश्या जोडून घेतात, मग सोपट काढा. राणी नीट आत आली बघून दाराला राणीगेट (कामकरी माश्या जातात पण राणी जाऊ शकत नाही अशी जाळी) लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पळाल्या असं होतं, सातेरी रुसायला वेळ लावत नाही. पण राणी कुमारी असेल तर गेट नको, तिला मिलनासाठी बाहेर जायचं असतं. मधाची पोळी पेटीत घालू नका, गळतात आणि मुंग्या येतात. पहिल्यांदा अनुभवी माणूस सोबत घ्याच.

सांगलीकर काका:
साखरेचं मी सांगतो. कोकणात जून ते सप्टेंबर फुलोरा नसल्यासारखाच, त्यात पाऊस सलग लागला तर माशी बाहेर पडत नाही. नैसर्गिक नैसर्गिक म्हणत उपाशी मारू नका, साखरपाणी द्या.

घाटमाथा:
इथे आपलं पटणार नाही काका 😀 माझं म्हणणं असं की मे अखेरीस मध काढायचाच नाही. जांभळाचा हंगाम संपला की मधाची दोन-तीन पोळी घ्या, बाकी भरलेली पोळी त्यांचीच. तरीही ऑगस्टमध्ये पेटी हलकी लागली तर साखर द्या, हट्ट कुणी करू नये. सातेरीला वर्षाला पाच-दहा किलो मध चांगल्या पेटीत मिळतो, टॉप बारला त्याहून कमी धरा, आणि मधयंत्र (पोळं फिरवून मध काढणारं) चालत नाही, पोळं चुरून फडक्याने गाळावं लागतं. ज्याला मध विकायचाय त्याने या वाटेला जाऊच नये.

लांजेकर:
मला विकायचा नाहीच. बाजारातून तयार वसाहत मिळते म्हणतात, ती घेऊ का?

सांगलीकर काका:
लांबून अजिबात नको. थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणू रोगाने 1990च्या दशकात दक्षिणेत सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या, औषध नाही त्यावर. अळी पोळ्याच्या घरात पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मेलेली दिसली की समजा तेच. तुमच्या पडवीतली माशी तुमच्याच हवेत वाढलेली आहे, तीच घ्या. आणि हापूसच्या मोहोरावर फवारणी करता ना? ती संध्याकाळी उशिरा करा, नाहीतर पेटीचं काहीही केलंत तरी उपयोग नाही.

मधुरा_सत्तरी:
हो, आणि आंबा वाढेल म्हणून पेटी ठेवत असाल तर फार आशा नको, मोहोरावर मधमाश्यांपेक्षा घरातल्यासारख्या साध्या माश्याच जास्त दिसतात. नारळ असेल तर मात्र परागाची सोय होते.

लांजेकर:
नारळ आहेत पंधरा-वीस. मुंग्यांचं काय करता?

घाटमाथा:
स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, थोडं जळकं ऑइल टाकून, आणि गवत पायांना टेकू द्यायचं नाही, नाहीतर तोच पूल होतो. सुताराला पट्ट्या कापायच्या आधी मोजपट्टी मिलीमीटरची द्या.