कांद्याच्या पेशीत हरितलवकं का दिसली नाहीत?

सातवीतल्या मुलीची आई

लेकीने काल शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. घरी वहीत आकृती काढायला बसली. विटांच्या भिंतीसारख्या रांगा, प्रत्येक विटेत कडेला सरकलेला एक पिवळट ठिपका, इथवर काढलं आणि थांबली. पुस्तकातल्या वनस्पती पेशीत हरितलवकं, म्हणजे उजेडात अन्न तयार करणारे हिरवे कण, आहेत, तिला मात्र एकही दिसलं नव्हतं. मैत्रिणी म्हणतात, काढून टाक, नाहीतर गुण जातील. ही म्हणते, "न पाहिलेलं मी कसं काढू?" पेशी वनस्पतीची असून हरितलवकं का नसावीत? आणि ती नसताना कांदा जगतो कसा?

निवृत्त विज्ञान शिक्षक

ताई, मुलीला सांगा, तिने काढलंय तेच बरोबर आहे. हरितलवकं तिथे नव्हतीच.

पुस्तकातली आकृती कुठल्या एका खऱ्या पेशीची नसते. वनस्पतीच्या निरनिराळ्या पेशींत जे जे सापडतं ते एकाच चौकटीत मांडलेलं असतं. मी वर्गात आधी पापुद्रा दाखवायचो आणि आकृती मग, कारण आकृती आधी पाहिली की मुलं भिंगातून बघायची, पण वहीत पुस्तक उतरायचं.

आता कारण. कांदा म्हणजे पानांचेच जाड झालेले बुडखे. ते मातीत असतात, तिथे उजेड नाही, आणि हरितलवकाचं काम उजेडावाचून चालत नाही. म्हणून तिथल्या पेशींत रंगहीन लवकं असतात, त्यांना अवर्णलवकं म्हणतात. त्याच रोपाची वरची पात हिरवीगार असते, तिथे हरितलवकं भरपूर. अन्न तिथे तयार होतं आणि साखरेच्या रूपाने खाली कांद्यात साठतं. बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो ना? तिथे रंगहीन लवकांचीच हरितलवकं होतात.

ठिपका म्हणजे केंद्रक, पेशीचं कामकाज चालवणारा भाग. आयोडीन घातल्यामुळे तो पिवळट दिसला. तो कडेला का, हे तिला विचारा. पेशीची बहुतेक जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्यासारख्या रसाच्या पिशवीने व्यापलेली असते, त्यामुळे केंद्रक भित्तिकेकडे, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीकडे, ढकललं जातं. तिने तो कडेलाच काढला, याचं मला फार कौतुक वाटलं.

प्रयोगशाळा सहायक

हरितलवकं बघायचीच असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचं कोवळं पान घ्या. ते जेमतेम दोन पेशींच्या थराचं असतं, कापावं लागत नाही. पाण्याच्या थेंबात ठेवून वर आच्छादन काच ठेवायची. थोडा वेळ उजेडात राहिलं की हिरवे दाणे पेशीच्या कडेने फिरताना दिसतात. पेशीद्रव वाहतो आणि त्यांना सोबत नेतो.

सातवीतल्या मुलीची आई

सर, तिला वाचून दाखवलं. तिने आकृती तशीच ठेवली आणि खाली "आयोडीन घालून पाहिले" असं लिहिलं. आता नवा प्रश्न: पुस्तकात भित्तिकेच्या आत पेशीपटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, वेगळं दाखवलंय, तिला एकच रेघ दिसली.

निवृत्त विज्ञान शिक्षक

एकच दिसणार. पटल भित्तिकेला आतून चिकटलेलं असतं आणि इतकं पातळ, की शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ते वेगळं ओळखता येत नाही. पण वेगळं करता येतं. जांभळ्या कांद्याचा रंगीत पापुद्रा घ्या आणि त्यावर मिठाचं दाट पाणी घाला. पेशीतलं पाणी बाहेर पडतं, जांभळा भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो. चौकट जागच्या जागी, आत लहान झालेला जांभळा गोळा. त्या गोळ्याची कड म्हणजे पटल. मग साधं पाणी घातलं की गोळा बहुधा पुन्हा फुगतो.

ही आकृती तिने काढली की इथे जरूर टाका. मला बघायची आहे.