इंग्रजी शब्दांत जोर नेमका कुठे द्यायचा?

— पोलीस हा शब्द काही अमेरिकन लोक 'पो'वर जोर देऊन म्हणतात, डिक्शनरीत मात्र दुसऱ्या अक्षरावर दाखवलाय. चूक धरायचा का?

— चूक कशाला? अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत अंब्रेला, इन्शुरन्स, सिमेंट हे पण पहिल्या अक्षरावरच ठोकतात, पद्धतच आहे ती. आयर्लंडात बरोब्बर उलट, एज्युकेटचा जोर 'केट'वर. बरं डिक्शनरी म्हणाल तर कुठली? लॅबोरेटरीत ब्रिटिश 'बॉ'वर जोर देतात, अमेरिकन 'लॅ'वर. आणि बाल्कनीचा जोर पूर्वी मधल्या 'को'वर असायचा, तो पहिल्या 'बाल'वर सरकला तेव्हा सॅम्युअल रॉजर्स (हा कवी १८५५ मधे वारला) म्हणाला होता की बाल्कनीचा नवा उच्चार ऐकून मळमळतं! आज तोच नवा उच्चार शुद्ध.

— मग सिंगापूरचं इंग्रजी तुटक तुटक वाटतं ते पण जोरामुळेच का?

— थोडं जोरामुळे, पण जास्त करून स्वरांमुळे. ब्रिटिश इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर नाही ते नुसतं हळू होत नाही तर त्याचा स्वरच मिटतो, म्हणजे फोटोग्राफमधे 'फो' ठणठणीत पण फोटोग्राफी म्हटलं की जोर 'टॉ'वर जातो आणि 'फो'चा जेमतेम 'फ' उरतो. सिंगापूर, नायजेरिया आणि आपल्याकडच्या इंग्रजीत स्वर तेवढा मिटत नाही, प्रत्येक अक्षर आपला वेळ वसूल करतं, म्हणून ठोके सारखे वाटतात. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मधे लयीचे असे दोन प्रकार पाडले, एकात जोर ते जोर अंतर सारखं, दुसऱ्यात अक्षर ते अक्षर, पण नंतर लोकांनी मोजून पाहिलं तर इतकी घड्याळी लय कुठेच सापडेना, सगळा कमीजास्तचा मामला. मला विचाराल तर ते दोन प्रकार पाठ करण्यापेक्षा कुठला स्वर मिटतोय तेवढं ऐकावं. आपण लघुगुरू मोजणारी माणसं, दीर्घ स्वर दिसला की जोर तिथेच असणार असं धरून चालतो.

— आणि रेकॉर्ड, परमिट?

— नाम असेल तर साधारणपणे पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. चुकलं तरी वाक्यावरून कळतंच.