एकट्याने की टोळीने? गोष्टवाल्या ऑनलाइन गेमांचे अनुभव सांगा

खिडकीतला कावळा

भाचा आलाय सुट्टीला. काल रात्री त्याच्या मांडीवर लॅपटॉप, शेजारी मी चहा घेऊन. पडद्यावर दोन माणसं जीव तोडून काहीतरी बोलतायत आणि हा पठ्ठ्या स्किप, स्किप, स्किप. म्हटलं अरे ऐक तरी काय म्हणतायत. तर म्हणे, "मामा, बाकीचे तिघं पुढे गेलेत. थांबलो तर शिव्या घालतात."

आणि मला एकदम स्पेसबार आठवला.

२०१२ चा पावसाळा. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' येऊन सहा-सात महिने झाले होते. तेव्हा दरमहा डॉलरमध्ये वर्गणी होती आणि माझ्याकडे चालणारं कार्ड नाही. न्यू जर्सीच्या आतेभावाने साठ दिवसांचं टाइमकार्ड घेऊन त्यावरचा नंबर मेल केला. लाइट गेली तरी त्यातला दिवस जायचा, म्हणून इन्व्हर्टरला राउटर जोडून बसायचो. मी मुळात एकट्याने खेळणारा. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' हा त्याच जगातला एकट्याचा जुना गेम दोनदा संपवलेला. ऑनलाइन म्हणजे अनोळखी पोरं आई-बहिणीवरून बोलणार, एवढीच कल्पना. पण ह्यात आठ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आठांची आठ वेगळी कथानकं आणि सगळे संवाद आवाजात, म्हणून मोह झाला. इम्पीरियल एजंट घेतला, म्हणजे साम्राज्याचा हेर.

दहाव्या लेव्हलच्या आसपास 'ब्लॅक टॅलन' नावाचं जहाज लागतं. एकट्याने जमेलसं वाटेना, तिघं अनोळखी गाठले. जहाजाचा कॅप्टन वरून आलेला आत्मघातकी हुकूम मानायला तयार नसतो. मारायचं की सोडायचं? टोळीत असलं की प्रत्येकजण आपापलं उत्तर निवडतो, मग फासे पडतात आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं चालतं. मी 'सोडा' निवडलं. एका बहाद्दराचा फासा नव्वदच्या वर. कॅप्टन खलास. खाली चॅटमध्ये तिसऱ्याचं चालूच: स्पेसबार, स्पेसबार, स्पेसबार प्लीज. म्हणजे ते बटण दाबा आणि संवाद स्किप करा.

गंमत म्हणजे पाप-पुण्याचा हिशोब ज्याचा त्याचा. माझ्या खात्यात सोडल्याचं पुण्य जमा झालं, आणि माणूस समोर मरून पडलाय.

पुढे एजंटची अख्खी गोष्ट एकट्याने केली. रात्र रात्र जागून. भारीच आहे ती, वाद नाही. पण ह्या गेमचा विषय निघाला की मला आधी तो कॅप्टन आठवतो. एकटा गेलो असतो तर मी त्याला सोडलं असतं आणि पुढच्या दरवाज्यापर्यंत विसरलोही असतो.

तर सांगा. असले गेम तुम्ही एकट्याने खेळलात की टोळीने, आणि पोट भरलं का?

रिकामटेकडा

स्पेसबार!!! हहपुवा.

मीच असेन तो. मागची थकबाकी म्हणून सॉरी.

लसूण सोलतेय

आमच्याकडे उलटं झालं. 'फायनल फँटसी १४' मध्ये पहिल्या मोठ्या कथेच्या शेवटी प्रेटोरियम नावाची मोहीम येते. पूर्वी आठ जण लागायचे. नवा माणूस बिचारा शेवटचा सिनेमा बघत उभा, तोवर जुने लोक पळत जाऊन राक्षस मारून मोकळे. बघून संपला की ह्याच्यासमोर बंद दार. म्हणून मग त्यांनी स्किप करायचं बटणच काढून टाकलं. झालं! सातवी, आठवी, पन्नासावी खेप असली तरी सगळे गप बसून तेच भाषण ऐकतायत. बक्षीस घसघशीत म्हणून जुने लोकही यायचे. मी त्या वेळात लसूण सोलायचे. खरंच सांगते, एका प्रेटोरियममध्ये दोन गड्डे आरामात.

२०२२ मध्ये ते चार जणांचं केलं, शेवटची लढाई एकट्याची केली, आणि माणसं नको असतील तर कथेतलीच पात्रं सोबत येतात अशी सोय दिली. मी हीलर आहे, म्हणजे टोळीच्या जखमा बऱ्या करणारी. माणूस मेला तर आधी मला बोलतात. त्यामुळे नवी मोहीम असली की पहिल्यांदा त्या कॉम्प्युटरच्या पात्रांबरोबरच जाते. ती काही बोलत नाहीत, मध्येच पोळी उलटायला गेले तरी थांबतात. मग दुसऱ्यांदा माणसांबरोबर.

पण नव्या माणसाच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसतो ना, तो दिसला की कोणीतरी हमखास लिहितं, "निवांत बघ, आम्ही थांबतो." माझ्या पहिल्या वेळी लिहिलं होतं कोणीतरी. भाजी करपली होती माझी, पण मी पूर्ण बघितलं.

टँक नाशिक

पोट भरलं का? नाही भरलं. कोणाचंच भरत नाही ह्यात.

कावळेसाहेब, तुमच्याच गेमचं घ्या. ऑक्टोबर २०१५ ला 'नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर' हा पुढचा भाग आला. सगळं एकट्या खेळाडूसाठी. धारावाहिकासारखी प्रकरणं, सोबतचा कम्पॅनियन (कॉम्प्युटरचं पात्र) इतका ताकदवान की तुम्ही हात जोडून उभे राहिलात तरी चालेल. आणि आम्ही रेड करणारे, म्हणजे मोठ्या टोळीने बॉस मारणारे? २०१७ पर्यंत नवीन ऑपरेशन (ह्या गेममधली रेड) नाही. आमचा गिल्ड (खेळणाऱ्यांचा कायमचा गट) युरोपच्या सर्व्हरवर, तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे थंडीच्या दिवसांत आपले साडेबारा. पहाटे तीन-साडेतीनपर्यंत तेच जुने बॉस मारत होतो, ऑफिसला डोळे लाल. एकेक जण गळत गेला.

दुसरं म्हणजे, एकट्याने गोष्ट करत पोरं शेवटच्या लेव्हलला पोहोचतात आणि मग आमच्यात येतात. टाँट म्हणजे काय, शत्रूला डिवचून आपल्या अंगावर कसं घ्यायचं, माहीत नाही. आगीत उभे. कारण कम्पॅनियनने आजवर सगळं झेललं. चूक पोरांची नाही, पण मरतो मी.

गोष्टच हवी तर पुस्तक वाचा राव. (हलके घ्या)

खिडकीतला कावळा

@टँक नाशिक, हलके घेतले. पण त्या २०१५ च्या प्रकाराने एकटे खेळणारे तरी कुठे खूश झाले? आठ वेगळ्या गोष्टी होत्या त्या गुंडाळून सगळ्यांची एकच केली. हेर असो, जेडाय असो, बक्षिसासाठी माणसं पकडणारा असो, सगळे एकाच सिंहासनाच्या मागे. माझ्या एजंटला सेनापती करून टाकलं हो! तो आयुष्यभर खोट्या नावाने जगलेला माणूस. आणि वर सगळे जुने सोबती गायब, एकेक करून परत शोधा.

म्हणजे तुमची रेड गेली आणि माझा हेर गेला.

टँक नाशिक

+१. हे पटलं. बसा एकदा.

अर्धवट इंजिनीअर

काका लोकांनो, 'गेन्शिन'ला मोजता का तुम्ही ह्यात? १६ व्या रँकला मित्राला आपल्या जगात बोलवता येतं. हॉस्टेलवर आम्ही चौघं एका खोलीत, वाटलं आता मजा. पण मुख्य गोष्ट सुरू करायची म्हटलं की पाहुण्यांना घालवावं लागतं. मग चौघं चार कॉटवर, हेडफोन घालून, तीच गोष्ट आपापली. फक्त एक जण पुढे असतो आणि तो मुद्दाम मोठ्याने "अरेरे" म्हणतो.

उद्या सबमिशन आहे. पळतो.

रिकामटेकडा

तो "अरेरे" म्हणणारा प्रत्येक हॉस्टेलला एक असतोच. आमचा आता बँकेत आहे.

उत्रेख्तची सून

आमची कहाणी ऐका. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन', २०१४. नवीन लग्न, नवीन देश, बाहेर चार वाजता अंधार. नवरा म्हणाला एकत्र खेळू. मी मांजरं आवडली म्हणून मांजरमाणूस घेतली. ह्यांनी दाढीवाला नॉर्ड घेतला. दोघांनी आपापली सुरुवात केली, तासाभराने म्हटलं आता भेटू. तर कळलं मांजरं एका आघाडीत आणि नॉर्ड दुसऱ्या! दोघांचे प्रदेश वेगळे, युद्धाच्या मैदानात भेटायचं तर शत्रू म्हणून. एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोन राज्यांत. सासूबाई फोनवर विचारायच्या, काय करताय दोघं? काय सांगणार.

ह्यांनी मुकाट्याने नवीन मांजर केलं. आजतागायत ऐकवतात.

मग मुख्य कथा. तिथे दारातून आत गेलो की प्रत्येकाची वेगळी खोली, बरोबर जाताच येत नाही. आत तो आंधळा म्हातारा मला सांगतो तूच आमची एकमेव आशा. शेजारी तोच म्हातारा ह्यांना तेच सांगतोय, दोन सेकंदांनी उशिरा. आमच्या घरात एकूण दोन एकमेव आशा.

ऑक्टोबर २०१६ ला 'वन टॅमरिएल' नावाचं अपडेट आलं, आघाड्यांची भिंत पाडली, लेव्हलची भानगडही मिटवली, कोणीही कुठेही कोणाबरोबरही. तेव्हापासून बरं आहे. पण तोवर मुलगा झाला होता, त्यामुळे आता खेळतं कोण.

लसूण सोलतेय

नवीन मांजर केलं म्हणजे माणूस चांगला आहे हो तुमचा.

जुना हॉबिट

माझं वय इथे कोणाला सांगत नाही, पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' २००७ ला आला तेव्हा माझे केस होते, एवढंच.

तेव्हा कथेच्या पहिल्या खंडातली कितीतरी प्रकरणं फेलोशिपशिवाय, म्हणजे टोळीशिवाय, व्हायचीच नाहीत. आपल्याला ज्या प्रकरणाला माणसं हवीत त्याच प्रकरणाला अडकलेली माणसं सापडली पाहिजेत, आणि भारतातल्या वेळेला. मी एका प्रकरणावर तीन आठवडे बसून होतो. शेवटी एक ड्वार्फ मिळाला. बाकी अमेरिका कामावर गेलेली. पुढे त्यांनीच शहाणपण केलं आणि एकट्याने गेलात तर अंगात बळ येईल असा वर दिला. मी तेच प्रकरण परत एकट्याने करून बघितलं. वीस मिनिटांत झालं. सोपं झालं हे खरं, पण त्या ड्वार्फबरोबर आम्ही चार वेळा मेलो होतो आणि पाचव्यांदा जमलं तेव्हा तो टेबलावर चढून नाचला होता. तसलं काही झालं नाही.

बाकी त्या गेममध्ये मी गोष्टीपेक्षा वाद्यंच जास्त वाजवली. नोटेशनची फाइल टाकली की आपलं पात्र ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवतं. लोक दरवर्षी वेदरटॉप टेकडीच्या माथ्यावर मैफल भरवतात, मोठमोठे बँड येतात. आपली मजल ब्री गावापर्यंत. गणेशचतुर्थीला तिथल्या प्रान्सिंग पोनी खानावळीच्या दारात आरतीची चाल वाजवली. एक एल्फ थांबली, ताल धरला, विचारलं कुठल्या देशाचं. सांगितलं. तर म्हणे माझ्या दंतवैद्याचं आडनाव कुलकर्णी आहे!

रिकामटेकडा

कुलकर्णी मिडल-अर्थपर्यंत पोचले.

टँक नाशिक

आबा, ती फाइल आहे का अजून?

जुना हॉबिट

आबा कोणाला म्हणतोस रे. आहे. शोधतो.

सांगलीकर

धागा वाचून राहवलं नाही. दोन गट सांगताय, एकटे आणि टोळीवाले. तिसरा गट आमची आई.

मी सिथ वॉरियर खेळायचो कावळेसाहेबांच्याच गेममध्ये. पीसी बाहेरच्या खोलीत, आई मागे तांदूळ निवडत. तिला इंग्रजी बेताचं, पण आवाज आणि चेहरे होते ना, तेवढ्यावर तिला बरंच कळायचं, राहिलेलं मी सांगायचो. त्यात वेट नावाची पोरगी सोबत येते, तिच्या गळ्यात झटका देणारा पट्टा असतो. बोलता बोलता झटका द्यायचा पर्याय येतो. मी दुष्ट व्हायचं ठरवलेलं. दिला. मागून सूप आपटल्याचा आवाज. "आधी पट्टा काढ त्या पोरीचा. मग कर काय राज्य करायचंय ते."

काढला. काय बिशाद आहे.

त्यानंतर मी एकटा असा खेळलोच नाही. आई जेवायला बसली की पीसी सुरू करायचा नाही, तिचं प्रकरण बुडेल. मित्रांबरोबर गेलो की ती उठून आत जायची, "आज नुसती मारामारी आहे का? मग हाक मारू नको."

उत्रेख्तची सून

सांगलीकर, आईंना नमस्कार सांगा. पट्टा काढल्याबद्दल.

कोथरूडचा किडा

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण हे सगळं ४जी हॉटस्पॉटवर चालेल का? पीसी जुना आहे, ८ जीबी रॅम.

रिकामटेकडा

ओल्ड रिपब्लिक चालेल, ग्राफिक्स खाली ओढा. नोव्हेंबर २०१२ पासून फुकट आहे, आणि आठही क्लासची मूळ गोष्ट पैसे न भरता पूर्ण होते. डाउनलोड मात्र हॉटस्पॉटवर करू नका, कोणाच्या तरी घरी जा. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास धरून चाला, गोष्टीला काही फरक पडत नाही. आता मोहिमांना एकट्याचा मोडही आहे. सोबत एक यंत्रमानव देतात. तोच सगळ्यांना मारतो, आपण मागून फिरायला आल्यासारखं चालायचं.

खिडकीतला कावळा

काल भाच्याला बसवलं. एकट्याच्या मोडमध्ये नाही. म्हटलं चार माणसं गोळा करू, ब्लॅक टॅलन, कोणी स्पेसबार दाबायचा नाही. तो आणि मी दोन झाले. अजून दोन हवेत. नवीन पात्र करा, एम्पायरच्याच बाजूचं, रिपब्लिकचं केलंत तर उत्रेख्तसारखं होईल. शनिवारपर्यंत दहा लेव्हल होतात आरामात.

टँक नाशिक

मी येतो. टँक करीन, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलीन. गोष्ट ऐकीन, पण कॅप्टनला मी मारणार, आधीच सांगतो.

सांगलीकर

मी चौथा. आई मागे बसणार आहे. मारून दाखवा.

लसूण सोलतेय

शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. रविवारी करा ना, मलाही बघायचंय.