जमिनीखाली गेल्याने म्यूऑन अडतात, रेडॉन नाही

कृष्णद्रव्य (डार्क मॅटर) शोधणारी ‘प्रयोगशाळा जमिनीखाली दीड किलोमीटर नेली की पार्श्वभूमीचा, म्हणजे खऱ्या संकेताची नक्कल करणाऱ्या इतर कणांचा, प्रश्न संपला’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. वैश्विक किरणांतून येणारे म्यूऑन कण दशलक्ष पटींच्या आसपास घटतात, हे मान्य. पण खरी डोकेदुखी डिटेक्टरच्या आतच असते. द्रव झेनॉन भरलेल्या डिटेक्टरमध्ये सगळ्यात चिवट रेडॉन-२२२ हा किरणोत्सारी वायू. स्टील, केबल यांतल्या युरेनियमच्या अंशातून तो सतत पाझरतो. त्यामुळे एकदा गाळून भागत नाही, शुद्धीकरण चालूच ठेवावं लागतं. त्याच्या क्षयाच्या साखळीतल्या शिसे-२१४ चा बीटा-क्षय (इलेक्ट्रॉन बाहेर टाकणारा क्षय) काही वेळा सोबत गॅमा किरण न देता होतो आणि थेट आपल्याला हव्या त्या कमी ऊर्जेच्या पट्ट्यात पडतो. त्यामानाने झेनॉनमध्ये मिसळलेला किरणोत्सारी क्रिप्टॉन-८५ गरीब बिचारा. ऊर्ध्वपातनाने काढला आणि हवेची गळती नसली, की गेला.

डिटेक्टरमधल्या टेफ्लॉनचा मुद्दाही आहेच. जोडणीच्या वेळी हवेतल्या रेडॉनची अपत्यं (क्षयातून बनलेली मूलद्रव्यं) त्यावर चिकटतात आणि शिसे-२१० मागे उरतं, अर्धायुष्य २२ वर्षं! त्यातून होणाऱ्या पोलोनियम-२१० चा अल्फा कण टेफ्लॉनमधल्या फ्लोरिनवर आदळला की न्यूट्रॉन सुटू शकतो. एकदाच विखुरलेला न्यूट्रॉन हुबेहूब विम्पसारखा (ज्याचा शोध चालू आहे त्या कृष्णद्रव्याच्या संभाव्य कणासारखा) दिसतो, म्हणूनच जोडणीच्या खोलीतली हवासुद्धा रेडॉनमुक्त करून घेतात.